तोफांच्या सावलीतला माळढोक

आमच्या ग्वाल्हेरीत ज्या पेठांतून अजून मराठी बोलणे कानी येते, त्या बहुतेक 'लष्करा'त आहेत. बाहेरगावच्या पाहुण्याला हे नाव ऐकून वाटते की येथे पलटणींच्या बराकी असाव्यात. तसे काही नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी पडली ती पुढे उठलीच नाही. तंबूंच्या जागी वाडे झाले, बाजारबुणग्यांची दुकाने झाली आणि छावणीचे शहर झाले. पलीकडे मुराराला इंग्रजांची छावणी होती. ती १८८६ साली किल्ल्याबरोबर शिंद्यांकडे परत आली. तेव्हा फौजेची जमीन, तिच्या भोवतालचा मोकळा माळ आणि त्या माळावरची शिकार हा विषय आम्हा ग्वाल्हेरकरांना परका नाही. तथापि आज मी जे लिहिणार आहे ते ग्वाल्हेरपेक्षा जैसलमेरकडच्या पोखरणविषयी अधिक आहे. १९७४ आणि १९९८ साली जेथे अणुस्फोट झाले तेच हे पोखरण. तेथील तोफखान्याच्या सरावाच्या मैदानात आपल्या देशातला एक अत्यंत दुर्मिळ पक्षी कसाबसा तग धरून आहे. त्याचे मराठी नाव माळढोक. आमच्याकडे त्याला सोनचिरैया म्हणतात, राजस्थानात गोडावण.

संगीत शिकवणाऱ्या माणसाने पाखरांच्या उठाठेवी का कराव्यात, असे वाचक विचारतील. कारण सरळ आहे. हा पक्षी गातो, आणि खर्जात गातो. विणीच्या दिवसांत नर माळढोक आपली ठरलेली उंचवट्याची जागा धरून उभा राहतो. शेपूट पाठीवर उलटी टाकतो आणि गळ्याखालची पिशवी अशी फुगवतो की ती पार गुडघ्यांखाली लोंबते. मग तो एक खोल, घुमणारा हुंकार देतो. तो अर्ध्या किलोमीटरवरून ऐकू येतो असे जाणकार सांगतात. कोकिळेवर, पपीह्यावर आमच्या बंदिशकारांनी किती रचना केल्या, मोराला तर अंतच नाही; पण या मंद्र सप्तकातल्या गवयाची दखल कोणी घेतल्याचे मला आढळले नाही. उंच पट्टीचे गाणे लोकांना लवकर ऐकू येते, हेच खरे.

आमचे अण्णा दरबारच्या गवयांत होते. अठराव्या वर्षी ते चाकरीला लागले आणि पुढे पाच-सहा वर्षांतच, १९४८ साली, संस्थान विलीन झाले. मी त्यांच्या पंचावन्नाव्या वर्षी झालेले शेंडेफळ. त्यामुळे दरबार मला फक्त गोष्टींतून भेटला. त्या गोष्टींत शिकारीच्या मुक्कामाचे वर्णन हटकून असे. शिकारखान्याची माणसे आधी जाऊन डेरे ठोकीत, हाकाऱ्यांची भरती होई, मचाणे बांधली जात, आणि या सगळ्या लवाजम्यात गवयांचाही एक तंबू असे. दिवसा बंदुका आणि रात्री गाणे. अण्णा सांगत की एका मुक्कामी पहाटे रियाजाला बसले असता बाहेर माळावरून कोणी तरी तंबोऱ्याची खर्जाची तार छेडावी तसा आवाज आला. त्यांनी वाद्य खाली ठेवले आणि ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या पंगतीला तोच पक्षी शिजला होता. अण्णा शाकाहारी, त्यांचे पान वेगळे. ही हकीगत ते रागाने सांगत नसत, हळहळूनही नव्हे. त्या काळी ते तसेच होते. मोठ्या पाहुण्याला मोठी शिकार द्यायची, ही रीत.

आणि शिकार खरोखरच मोठी होती. नर उभा राहिला तर उंचीला मीटरभर, वजनाला कित्येकदा पंधरा किलोपर्यंत. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत एवढे वजनदार फार थोडे. बाबराने आपल्या आठवणींत या पक्ष्याच्या मांसाची तारीफ करून ठेवली आहे: इतर पाखरांची कोठे तंगडी चांगली, कोठे छाती चांगली, याचे मात्र सारेच रुचकर, असा त्याचा अभिप्राय. साहेबांच्या अमदानीत तर याच्या मागे सारे हात धुऊन लागले. आपल्या अहमदनगर जिल्ह्यात रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाने! आज साऱ्या जगात या जातीचे मोकळे पक्षी दीड-दोनशेही भरत नाहीत.

लष्करी छावणी आणि शिकार यांचे त्या काळी एक घर होते. पलटणीतल्या तरुण अधिकाऱ्याला शिकारीची सवय असावी, त्याने त्याची नजर, घोड्यावरची मांड आणि धैर्य वाढते, असा समज होता. घोड्यावरून भाल्याने रानडुकरे मारण्याच्या स्पर्धा चालत. मीरतजवळचा 'कादिर कप' त्यांत नामांकित. पुढे ज्यांनी बालवीरांची चळवळ काढली त्या बेडन-पॉवेल साहेबांनी १८८३ साली तो जिंकला होता आणि डुकरांच्या शिकारीवर पुस्तकही लिहिले होते. असो. माळढोक मात्र घोडेस्वाराच्या हाती सहजासहजी लागत नसे. हा पक्षी महासावध. सपाट माळावर मान उंच करून उभा राहिला की मैलभराची खबर ठेवतो. पायी चालणाऱ्या माणसाला तो जवळ येऊ देत नाही. पण बैलगाडी, उंट, गुरे यांची त्याला सवय. म्हणून चतुर शिकारी गाडीच्या आडोशाने जात. मग दुसरे महायुद्ध झाले आणि फौजेतल्या जुन्या जीपगाड्या बाजारात आल्या. माळावर रस्ता लागत नाही, जीपला तर नाहीच. ज्या पक्ष्याचे सारे संरक्षण दूरवर पाहण्यात आणि वेळीच चालू लागण्यात, त्याच्यामागे ताशी चाळीस मैलांचा पाठलाग आला. तोफांनी माळढोकाचे जितके नुकसान केले नाही तितके या भंगारात काढलेल्या जीपगाड्यांनी केले.

पक्ष्याची स्वतःची चाल विलंबित. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरटे असे नाहीच. कोल्हा, कुत्रा, कावळा, गुरांचे खूर, या सगळ्यांतून ते वाचले तर पिल्लू. असल्या जातीतून दर वर्षी थोडे जरी जास्त पक्षी कमी झाले तरी भरपाई होत नाही. भावनगरच्या राजघराण्यातले धर्मकुमारसिंहजी हे मोठे पक्षीतज्ज्ञ होते. १९६९ साली देशभरात साधारण १,२६० माळढोक असावेत असा त्यांचा अंदाज होता. त्याच सुमारास राष्ट्रीय पक्षी निवडण्याची चर्चा झाली तेव्हा सलीम अलींनी माळढोकाचे नाव सुचवले होते. १९६३ साली मान मोराला मिळाला. इंग्रजीत माळढोकाचे नाव लिहिताना एखादे अक्षर चुकले तर भलताच अनर्थ होईल, म्हणून तो मागे पडला, अशी एक आख्यायिका आहे. खरीखोटी कोण जाणे. पण नाव मिळाले असते तर त्याच्या माळाची चार लोकांनी अधिक चौकशी केली असती.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. त्याच्या पहिल्या अनुसूचीत माळढोक आहे, म्हणजे त्याची शिकार सर्वस्वी बंद. गुन्हा शाबीत झाल्यास तीन ते सात वर्षे कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार रुपये दंड. हा कायदा घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते एम. के. रणजितसिंह वांकानेरच्या राजघराण्यातले. ज्या वर्गाने शिकारीचे वेड जोपासले त्याच वर्गातल्या माणसाने शिकार बंद करण्याचा मसुदा लिहावा, यात आम्हा संस्थानी शहरवासीयांना विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. संस्थानांतही शिकारीचे नियम होते, आणि कडक होते. पण ते रयतेसाठी. राखीव रानात गावकऱ्याने ससा मारला तर शिक्षा आणि पाहुण्याने वाघ मारला तर फोटो.

आता आमच्या घरची गोष्ट. १९८१ साली मध्य प्रदेश सरकारने या पक्ष्यासाठी दोन अभयारण्ये जाहीर केली: ग्वाल्हेरजवळ घाटीगाव आणि शिवपुरी जिल्ह्यात करेरा. त्याआधी दोन वर्षे महाराष्ट्रात नान्नज झाले होते. तेथल्या माळढोकांकडे लोकांचे लक्ष वेधण्याचे श्रेय सोलापूरचे एक शिक्षक, ब. स. कुलकर्णी, यांना आहे. करेऱ्याचे सुरुवातीला चांगले चालले. पण ती जमीन बहुतेक लोकांच्या मालकीची, शेतीची. अभयारण्य म्हटल्यावर जमीन विकता येईना, घेता येईना, मुलीच्या लग्नाला दोन बिघे काढता येईनात. शिकार थांबल्यामुळे काळविटे वाढली आणि ती उभी पिके खाऊ लागली. गावकऱ्यांचा राग काळविटावर, वनखात्यावर आणि शेवटी ज्याच्या नावाने हे सारे झाले त्या पक्ष्यावर वळला. १९९० च्या दशकातच करेऱ्यातून माळढोक नाहीसा झाला. अभयारण्य कागदावर मात्र पुढे कित्येक वर्षे राहिले आणि अखेर त्याचा दर्जा काढून घेण्यात आला. घाटीगावाकडे मी वर्षातून एकदोनदा जातो. तेथे पाटी आहे, पाटीवर पक्षी आहे.

पोखरणला याच्या नेमके उलट घडले. तेथे माळढोकासाठी कोणी काही केले नव्हते. तोफखान्याला गोळे डागण्यासाठी विस्तीर्ण मोकळी जमीन हवी होती, ती घेतली गेली, त्यासाठी गावांना आपल्या जमिनी सोडाव्या लागल्या. हे विसरून चालणार नाही. पण त्यानंतर त्या मैदानात नांगर लागला नाही, कूपनलिका खोदल्या गेल्या नाहीत, विजेचे उंच मनोरे उभे राहिले नाहीत, आणि परवानगीशिवाय माणूस आत जाईना. सेवण गवत वाढले. गवताबरोबर नाकतोडे, भुंगेरे, सांडे आले. माळढोकाला लागते ते एवढेच: मोकळी नजर, गवत आणि कोणी न येणे. थरमध्ये आज या पक्ष्यांचे जे दोन मुख्य गट आहेत, त्यांपैकी एक ३,१६२ चौरस किलोमीटरच्या मरु राष्ट्रीय उद्यानात आणि दुसरा या पोखरणच्या मैदानात व त्याच्या कडेने रामदेवऱ्याकडे.

माझा एक जुना विद्यार्थी तोफखान्यात आहे. ख्यालाला त्याचा गळा बरा होता, पण घरची गरज मोठी, म्हणून भरती झाला. दोनदा तो सरावासाठी पोखरणला जाऊन आला. रजेवर आला की पेढे घेऊन येतो आणि मैदानाच्या गोष्टी सांगतो. सराव असला की लाल निशाणे लागतात, आत कोणी माणूस-जनावर नाही याची खात्री करून मग मारा सुरू होतो. "गुरुजी, गोळा पडतो तेथून तो दूर चालत जातो, उडतसुद्धा नाही. दोन दिवसांनी पाहावे तर परत तेथेच," असे तो म्हणाला. मी विचारले, आवाज ऐकलास का? म्हणाला, "पहाटे ऐकला." स्वर कोणता? त्यावर तो थोडा थांबला. "स्वर नाही सांगता येत, गुरुजी. छातीला लागतो." बारा वर्षे मी ज्याला खर्ज भरायला सांगत होतो, त्याला खर्ज कशाला म्हणतात ते पोखरणला कळले!

पण येथे भोळेपणा नको. तोफेच्या गोळ्याने गवताला आग लागते. अंडे जमिनीवर असते आणि रणगाड्याच्या पट्ट्याला ते दिसत नाही. जेथे माणसांचा मुक्काम तेथे उष्टेखरकटे, आणि उष्ट्याखरकट्यामागे मोकाट कुत्री. माळढोकाच्या पिल्लाला कुत्र्याइतका वैरी नाही. शिवाय मैदानाची हद्द मैलोगणती. तारेचे कुंपण सगळीकडे टिकत नाही. गोळ्यांचे पितळ-लोखंड वेचायला भंगारवाले रात्री-अपरात्री शिरतात, न फुटलेल्या गोळ्यांनी त्यांतले काही प्राणास मुकले आहेत, तरी शिरतात. भंगारासाठी आत जाणाऱ्या माणसाला चिंकारा दिसला तर तो काय करील ते सांगायला नको.

मग तेथे कायदा चालवायचा कोणी? वर्दी अंगावर असली म्हणून कायद्यात सूट नाही. काळवीट मारणारा जवान असो की गावकरी, गुन्हा तोच. पण शिकाऱ्याला अडवणार पहाऱ्यावरचा सैनिक, ज्याचे मूळ काम ते नव्हे. आणि तपास करून खटला भरणार वनखाते, ज्याला आत पाऊल टाकायला सैन्याची परवानगी हवी. पंचनामा वेळेवर झाला नाही, मांस-पिसे-काडतुसे नीट जप्त झाली नाहीत, तर न्यायालयात काय टिकणार? या दोन खात्यांचे सूर जुळणे हे एखाद्या अधिकाऱ्याच्या आस्थेवर अवलंबून राहते आणि अधिकारी तर दोन-तीन वर्षांनी बदलतात. माझ्या मते खरी राखण तिसरेच करतात. मैदानाला लागून खेतोलाई वगैरे गावांतून बिश्नोई वस्ती आहे. १७३० साली खेजडीची झाडे वाचवताना ज्यांच्या ३६३ माणसांनी मान दिली, ते हे लोक. रात्री माळावर गाडीचा दिवा हलला तर ते पोलिसांच्या आधी पोहोचतात. कायद्याचे कलम त्यांना पाठ नसेल, हरणाला गोळी घालणारा मात्र त्यांच्या हातून सुटत नाही.

लोकांचा आवाज काय करू शकतो याचा एक जुना दाखला आहे. १९७८-७९ च्या हिवाळ्यात अरब राजघराण्यातले पाहुणे बहिरी ससाणे घेऊन जैसलमेरच्या वाळवंटात उतरले. त्यांना हवा होता तिलोर, म्हणजे माळढोकाचा लहान भाऊबंद. पण ससाणा आणि बंदूक माळावर आली की माळढोक कोठला सुरक्षित? जयपुरात लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण न्यायालयात गेले आणि पाहुण्यांना परतावे लागले. १९८१ साली राजस्थानने गोडावणाला आपला राज्यपक्षी केले.

हल्ली बंदुकीची भीती पूर्वीइतकी राहिलेली नाही, तिची जागा तारेने घेतली आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. आजूबाजूचे तो उत्तम पाहतो, समोरचे कमी. आणि शरीर जड असल्यामुळे उडताना ऐनवेळी वळता येत नाही. वाळवंटात ऊन आणि वारा भरपूर, म्हणून सूर्याची व वाऱ्याची वीज तेथेच होते आणि तिच्या तारा माळावरून जातात. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने हिशेब केला तेव्हा थरमधील ४,२०० चौरस किलोमीटर टापूत वर्षाकाठी सर्व जातींचे मिळून सुमारे ८४,००० पक्षी तारांना आपटून मरत असावेत असे निघाले. रणजितसिंहांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २०२१ साली न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचा हुकूम दिला, २०२४ साली तो सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. विजेचीही गरज खरी आहे. कोळसा जाळूनच दिवे लावा असे मी म्हणणार नाही. पण कच्छकडे पाहावे. तेथे नलियाला वायुदलाचा तळ आहे, जवळच लालाचे अवघ्या दोन चौरस किलोमीटरांचे माळढोक अभयारण्य. काही वर्षांपूर्वीच तेथे नुसत्या माद्या उरल्या, नर नाहीसा झाला. विणीचा हंगाम येतो, माद्या माळावर येतात, आणि हुंकार देणारा कोणी नसतो.

या अवस्थेला उपाय म्हणून माळावरची काही अंडी उचलून यंत्रात उबवण्याचे काम २०१९ पासून सुरू आहे. आधी समला केंद्र निघाले, पुढे रामदेवऱ्याला, म्हणजे पोखरणच्या शेजारीच. हाताने वाढवलेली पिल्ले मोठी झाली, त्यांनाही पिल्ले झाली, आणि २०२५ पर्यंत केंद्रांतल्या पक्ष्यांची संख्या साठाच्या वर गेली. २०२४ च्या ऑक्टोबरात कृत्रिम रेतनाने पहिले पिल्लू जन्माला आले. ती विद्या आमच्या शास्त्रज्ञांनी अबूधाबीला जाऊन शिकली. तिलोराची पैदास करण्यात तेथले लोक तरबेज आहेत. ज्या ससाण्यांच्या शौकापायी जयपुरात निदर्शने झाली होती, त्याच शौकातून ही विद्या वाढली. मागचा हिशेब कोठे फिटतो आणि कोठे राहतो, काही सांगता येत नाही.

आता प्रश्न राहिला तो ही केंद्रातली पाखरे सोडायची कोठे. त्यांना माळ माहीत नाही, कोल्हा माहीत नाही. नराला आपली जागा धरून हुंकार द्यायचा तर तो कोणाचा ऐकून द्यायचा, हे मला शिक्षक म्हणून विशेष वाटते. पिल्लू किती उपजत जाणते आणि किती मोठ्यांचे पाहून उचलते, ते माळावर सोडल्यावरच दिसणार आहे. करेऱ्याचा माळ नांगराखाली गेला. घाटीगावला गवत आहे, पण भोवती खाणी, रस्ते आणि विजेच्या तारा आहेत. माझा विद्यार्थी येत्या थंडीत पुन्हा पोखरणला जाणार आहे. मैदानात मोबाईल नेण्यास मनाई, त्यामुळे आवाज टिपून आणणे शक्य नाही. मी त्याला एवढेच सांगितले आहे की पहाटे जाग आली तर किती नर बोलतात ते मोज.